चौथ्या मजल्यावरची पाच दारं

४ सप्टेंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला या ऑफिसात जमीन शिल्लक नाही, सगळीकडे फायलींचे गठ्ठे आहेत. तेव्हा खुर्चीतूनच वाकले असं समजा. फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही न ऐकलेल्यालाही "हं, हं" म्हणत राहायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

नवं टेबल मिळून आज बारा दिवस झाले. धोकादायक झालेल्या जुन्या इमारती पाडायच्या आणि तिथल्या लोकांना नव्या इमारतीत खोल्या द्यायच्या, हे काम. कोणाला द्यायच्या? अठरा वर्षांपूर्वी घरोघर पाहणी झाली, तिच्यात ज्यांची नोंद झाली त्यांना. नोंद नाही तर खोली नाही. पहिल्याच दिवशी कपाटातून पाहणीची वही काढली आणि काय सांगू, अक्षर तुमचं! प्रशिक्षणात आम्हाला 'नोंद कशी असावी' म्हणून ज्या पानाचा फोटो दाखवायचे, ते पानही याच वहीत निघालं. चार मजली इमारत, चौथा मजला, पाच दारं. प्रत्येक दारापुढे तीन तारखा, तीन वेळा 'दार बंद', आणि शेवटी 'राहणारे कोणी आढळले नाही'. एक अक्षर रेघ सोडून नाही. शिपाईकाकांना मी ते पान उगीचच दोनदा दाखवलं.

त्या पाचांपैकी एका दारातली बाई परवा माझ्यासमोर सुनावणीला आली होती. कपड्यांना रफू करते. तिची खोली मी पाहून आले (चौथा मजला चढताना जीव मेटाकुटीला आला). खिडकीशी एक स्टूल, सुयांचा डबा, आणि फाटलेलं कापड ती असं जोडते की कुठे फाटलं होतं ते शोधून सापडू नये. तीस वर्षं तिथेच राहते म्हणते. पाहणीच्या पहिल्या दिवशी कामावर होते, हे तिला कबूल आहे. पण दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीत पुढच्या दोन तारखा होत्या, त्या दोन्ही दिवशी काम बुडवून दाराशी बसून होते, कोणी आलं नाही, असं तिचं म्हणणं.

मी तिला वही दाखवली. तीन खेपांचा नियम समजावून सांगितला, तुम्ही मला सांगायचात तसाच. एकदा दार बंद दिसलं म्हणजे तिथे कोणी राहत नाही असं होत नाही, माणसं पोटापाण्यासाठी बाहेर जातात, म्हणून तीन वेगळ्या दिवशी जायचं आणि त्यातली एक खेप संध्याकाळी करायची. माणसाची एवढी कदर करणारा नियम दुसरा दाखवा. तिने सगळं ऐकून घेतलं, पान बराच वेळ बघितलं आणि गेली. मी अर्ज नामंजूर केला. तीस सप्टेंबरपर्यंत ती वरच्या साहेबांकडे अपील करू शकते, ऑक्टोबरअखेर इमारत रिकामी होणार. मग ती कुठे जाईल मला ठाऊक नाही.

बाई खोटं बोलणारी वाटली नाही, एवढंच मनाला लागून राहिलंय. पण वाटणं वेगळं आणि नोंद वेगळी, हे तुम्हीच शिकवलंत. मामींना सांगा, डबा रोज संपवते.

तुमची ठमी


११ सप्टेंबर

चिरंजीव ठमी, म्हणजे आता बाईसाहेब,

तू खुर्चीतून वाकलीस, मीही आरामखुर्चीतूनच हात वर करून आशीर्वाद देतो. फिटंफाट.

तुझ्या मामीने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यावर चष्मा धुरकट झाला, म्हणून उरलेलं मनात वाचलं. ती वही अजून आहे याचं नवल वाटलं. मला वाटलं होतं, वाळवीने कधीच तिचा निकाल लावला असेल.

त्या रफूवालीच्या बाबतीत तू जरा घाई केलीस असं मला वाटतं. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो. पस्तीस वर्षं खिडकीमागे बसून मला हे उशिरा कळलं, तुला लवकर कळावं. तुझ्या साहेबांना 'विशेष बाब' म्हणून एखादी खोली देण्याचा अधिकार असतो. तिथे नोंद लागत नाही, तारखा लागत नाहीत. तू एक टिपण लिही. बाई कष्टाळू आहे, प्रत्यक्ष तिथेच राहते, दुसरा आसरा नाही. साहेब सही करतील, बाईला खोली मिळेल, तुझं मन शांत होईल. अठरा वर्षांची वही उकरत बसण्यात काय हशील?

तू म्हणशील मामा म्हातारा झाला, पाघळला. खुशाल म्हण. पण एवढं माझं ऐक.

इकडे सगळं ठीक. मामीच्या कुंड्यांना पाणी घालण्याची नोकरी मला लागली आहे आणि साहेब फार कडक आहेत. जाता जाता एक विचारतो, तो जिना अजून तसाच आहे का गं? पायऱ्या फार उंच होत्या. आणि वर कठडा नव्हता.

तुझा मामा


१७ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पाकिटावरचं नाव तपासलं. हे तुम्हीच लिहिलंत ना?

मी आठ वर्षांची होते. शाळेसाठी दाखला हवा होता. आई मला घेऊन तुमच्या ऑफिसात आली आणि तुमच्याच खिडकीपुढे, तुमच्या सख्ख्या बहिणीला, तुम्ही पावणेदोन तास रांगेत उभं केलंत. पाळी आली तेव्हा मान वर करून विचारलंत, "बोला, काय काम आहे?" आई चार महिने तुमच्याशी बोलली नाही. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की मोठेपणी असंच व्हायचं. आणि आता तुम्हीच मला मागचं दार दाखवताय?

विशेष बाबीचं सांगते. साहेबांच्या खणात असे अकरा अर्ज पडून आहेत. प्रत्येकाच्या पाठीशी कोणी ना कोणी वजनदार उभा आहे आणि अकरातला एकही त्या इमारतीत राहत नाही. एका चांगल्या बाईसाठी मी तो खण उघडला, तर तिच्या मागोमाग अकराही जण आत घुसतील. मग नाही म्हणायला मला तोंड राहील का? तरीही, तुमचा शब्द म्हणून, मी जिना चढून तिला विचारून आले. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "विशेष कशाला? मी इथे राहते. राहते एवढंच लिहा."

निघताना आणखी एक गंमत. मी विचारलं, त्या दिवशी वहीचं पान एवढं काय बघत होतात? तर म्हणाली, "ताई, मी एखादं मोठं भोक तीन दिवस भरते तेव्हा तीन दिवसांचे टाके वेगळे दिसतात. कधी हात थकलेला असतो, कधी उजेड कमी असतो. तुमच्या वहीतले तिन्ही टाके एका दिवसाचे आहेत." मला हसू आलं. म्हटलं, बाई, आमच्या मामांचं अक्षर तुम्हाला ठाऊक नाही. ते तापात लिहितील तरी असंच लिहितील. खरं की नाही?

चौथ्या मजल्यावर पाचही दारं तिन्ही वेळा बंद. किती राबणारी माणसं असतील ती, असं मनात आलं. त्यातल्या तीन खोल्यांना आता कुलुपं आहेत. लोक केव्हाच निघून गेले, नोंद नाही म्हटल्यावर थांबून काय करणार? उरलेल्या दोनांत रफूवाली आणि एक म्हातारे घड्याळजी.

बाईने अपील केलं आहे. तुमच्याकडून एक काम हवं. 'तिन्ही खेपा मी स्वतः केल्या होत्या' अशा दोन ओळी सही करून पाठवा. फाइलला लावते, म्हणजे वरच्या साहेबांनाही शंका राहायची नाही आणि तिलाही निदान कळेल की आपल्यावर अन्याय झाला नाही. तीस तारखेच्या आत हवं.

ठमी


२४ सप्टेंबर

ठमे,

हे पत्र मी लिहिते आहे, ह्यांना न सांगता. तू ह्यांना काय लिहिलंस गं? पत्र आल्यापासून माणूस धड जेवत नाही. रोज सकाळी तयार होऊन टपालपेटीपर्यंत जातात आणि पाकीट खिशात घेऊन परत येतात. मी विचारलं तर म्हणतात, तिकीट लावायचं राहिलं. तिकीट लावलेलं मला दिसतंय.

काल माळ्यावरून एक जुना बूट काढून पुसत बसले होते. एकच, जोड नाही. टाकून द्या म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. चाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता.

काही विचारायचं असेल तर जपून विचार. आणि वाट बघ.

मामी


२६ सप्टेंबर

ठमे,

तू दोन ओळी मागितल्या होत्यास. चार वेळा लिहिल्या. चारही वेळा अक्षर फार सुंदर आलं, म्हणून फाडल्या. आता जे लिहितो ते एकदाच लिहितो.

त्या मजल्यावर मी एकदाच गेलो. पहिल्या तारखेला, सकाळी अकरा वाजता. पाचही दारं बंद होती. प्रत्येक दारावर चिठ्ठी चिकटवली, पुढच्या दोन तारखा घातल्या, 'घरी थांबावे' असं लिहिलं. त्या आठवड्यात मी नवे बूट घेतले होते. डाव्या पायाची टाच सोलून निघाली होती. दुसऱ्या तारखेला इमारतीपर्यंत गेलो, तीन मजले बघून झाले, चौथ्याच्या जिन्यापाशी आलो. जिन्याकडे पाहिलं, टाचेकडे पाहिलं, आणि खाली येऊन समोरच्या बाकावर बसलो. म्हटलं, बंदच असणार. तिसऱ्या तारखेला, संध्याकाळच्या खेपेला, घरातूनच निघालो नाही. पाय गरम पाण्यात घालून बसलो आणि पाचही दारांचे शेरे एका बैठकीत लिहून टाकले. म्हणून ते पान इतकं देखणं आहे. तुझी रफूवाली अधिकारी असती तर मी अठरा वर्षांपूर्वीच पकडला गेलो असतो.

काही मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. घरात आजारपण, वरून दबाव, काहीतरी. तसं काही नव्हतं. टाच होती.

तुला मी विशेष बाब सुचवली ती त्या बाईच्या कळवळ्याने नव्हे. नियम वाकव म्हणालो, कारण नियम ताठ उभा राहिला असता तर मी आडवा होणार होतो. माणसासाठी नियम असतो वगैरे जे लिहिलं, ते खरं आहे गं, पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माणूस एकच होता आणि तो मी होतो. खरं तर त्या नियमात दया आधीच होती. कोणा शहाण्याने ती तीन खेपांत नीट मोजून घातली होती. मी ती काढून घेतली आणि वर सुंदर अक्षरात सही केली.

तुझ्या आईला रांगेत उभं केलं, तेव्हा हे पान लिहून वर्ष झालं होतं. तितका कडक मी कदाचित म्हणूनच झालो असेन. तुला त्या दिवसाचा अभिमान आहे हे वाचून मला बसल्या जागी लाज वाटली.

सोबत जबाब जोडला आहे. खात्याने माझं जे करायचं ते करावं. साक्षीदार म्हणून तुझ्या मामीची सही आहे. सही करण्याआधी तिने मला तो पूर्ण वाचून दाखवायला लावला. मोठ्याने. या वेळी चष्मा धुरकट झाला तरी थांबू दिलं नाही.

मामा


३ ऑक्टोबर

मामा,

जबाब वेळेत पोचला, वेळेत दाखल झाला. हे आधी सांगते कारण तुम्हाला तीच काळजी असेल.

मला तुमचा राग आला आहे. पत्र वाचलं आणि जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. शिपाईकाका बाहेरून विचारत होते, "मॅडम, धूळ गेली का डोळ्यात?" मी हो म्हटलं. एका टाचेपायी पाच घरं, मामा! दोन दिवस ती बाई दाराशी बसली होती आणि तुम्ही बाकावर बसला होतात. मधे फक्त एक जिना होता.

पण मग माझाच राग आला, आणि तो जास्त टिकला. तुम्ही निदान जिना चढला नाहीत. मी तर चढले होते. बाई जिवंत माझ्यासमोर बसून सांगत होती आणि मी तिच्याकडे न बघता वही वाचत होते, का तर अक्षर माझ्या मामांचं. वही लिहिणारा माझा सख्खा मामा आहे हे मी पहिल्याच दिवशी साहेबांना लिहून द्यायला हवं होतं. तोही नियमच आहे. तो मला कसा आठवला नाही? आता लिहून दिलं. बोलणी खाल्ली, ती योग्यच होती. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांना ऑफिसात सगळे 'फुटपट्टी' म्हणतात, हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी जबाब वाचला, नियम काढला आणि एवढंच लिहिलं: 'तीन खेपा झालेल्या नाहीत, सबब पाहणी अपूर्ण आहे. चौथ्या मजल्याच्या पाचही दारांची पाहणी पुन्हा करावी.' एकाही दारावर उपकार नाही आणि एकही दार सुटलं नाही. मी तुमच्या विशेष बाबीने गेले असते तर फार तर एक दार उघडलं असतं.

तुमच्या पानाचा फोटो प्रशिक्षणातून काढून टाकलाय. तो मीच काढायला सांगितला. वाईट वाटलं.

आईला सांगितलं. म्हणाली, "त्याला कळव, पावणेदोन तास मी विसरलेली नाही." आणि हसली. त्यामुळे तुम्ही तिच्याशी बोलायला हरकत नाही.

नव्या पाहणीची तिसरी खेप सोळा तारखेला संध्याकाळी साडेसहा वाजता आहे. मी जाणार नाही, मला जाता येत नाही. जुना पाहणीवाला सोबत राहू शकतो, असं फुटपट्टी साहेब म्हणाले. मी तुम्हाला बोलावत नाही. फक्त कळवते. जिना तसाच आहे. कठडा अजून नाही.

तुमचीच, रागावलेली

ठमी


१८ ऑक्टोबर

ठमे,

गेलो होतो. तू नव्हतीस, म्हणून सगळं लिहितो.

नवी पाहणीवाली तुझ्याच वयाची आहे. पायांत कापडी बूट. मी पाहिलं तर तिने विचारलं, "काय झालं आजोबा?" म्हटलं, काही नाही, बूट चांगले आहेत. प्रत्येक मजल्यावर ती माझ्यासाठी थांबत होती आणि थांबत नाही असं दाखवायला वहीत काहीतरी लिहीत होती. भली पोर आहे. वरच्या जिन्याला मी भिंत धरून चढलो. एकंदर एकोणीस पायऱ्या निघाल्या, ठमे. एकोणीस.

तीन दारांना कुलुपं होती. तिन्ही खेपांना कुलुपंच होती. तिने तिन्हींपुढे 'बंद' असा शेरा लिहिला आणि या वेळी तो खरा होता. फुटपट्टी साहेब त्या लोकांचे पत्ते शोधतायत. एका कुटुंबाचा लागला. दुसऱ्या खोलीतला माणूस वारला, असं घड्याळजी म्हणाले. तिसऱ्यांचं कोणालाच काही माहीत नाही. ती दारं माझ्या नावावर राहिली, ती काही आता उघडायची नाहीत. घड्याळजींची नोंद झाली. त्यांनी वेळसुद्धा स्वतःच सांगितली, सहा वाजून बेचाळीस मिनिटं.

मग रफूवालीचं दार. मी ठोठावलं. खोटं कशाला सांगू, हात उचलवत नव्हता. तिने उघडलं. पोरीने विचारायचं ते विचारलं, लिहून घेतलं. 'राहते' असं लिहिलं. एवढाच शब्द होता. मी कोण ते मी सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, आणि तिने ओरडावं अशी माझी तयारीही होती. तिने स्टूल पुढे केलं. म्हणाली, "बसा. दम लागलाय तुम्हाला."

मी बसलो. माफी मागितली. तिने ती घेतली की नाही मला कळलं नाही, कारण ती उठून सुयांच्या डब्याशी गेली होती. डब्याच्या तळातून तिने एक घडी घातलेला कागद काढला. माझी चिठ्ठी होती. अठरा वर्षांपूर्वी दाराला चिकटवलेली. दोन तारखा आणि खाली, सुंदर अक्षरात, 'घरी थांबावे'.

मी विचारलं, सुनावणीला हा कागद का दाखवला नाहीत? म्हणाली, "याच्यावर तुम्ही येणार होतात एवढंच आहे. आला नाहीत हे कुठे लिहिलंय?"

मग माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाली, "आज आलात, ते लिहा."

पोरीचं पेन घेतलं. गुडघ्यावर कागद धरून, त्या दोन तारखांखाली तिसरी लिहिली, 'आलो' असं लिहिलं आणि सही केली. ओळ घसरत खाली गेली. पस्तीस वर्षांत इतकं घाणेरडं अक्षर माझ्या हातून उतरलं नव्हतं. तिने कागद दिव्याच्या उजेडात धरला, कापडावरचा टाका बघतात तसा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

म्हणाली, "हं. हे खरं दिसतंय." आणि घडी घालून डब्यात ठेवून दिला.

मामा